मठाच्या भिंतीचे अश्रू

या, अशा जवळ सरका. बुवा अजून चहा घेताहेत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगते. खारट आहे, आधीच सांगून ठेवते.

जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, इंग्रजांच्या काळात गोऱ्या साधूंनी बांधलेला मठ आहे. छप्पर केव्हाच गेलं. उरल्या चार कमानी आणि एक जाड भिंत. एरवी तिथं शेळ्या चरायच्या. गेल्या श्रावणात मात्र दर गुरुवारी जीपा भरभरून माणसं येऊ लागली. का, तर भिंत रडते!

"चाखून पाहा!" त्या भिंतीपाशी ठाण मांडून बसलेला अश्रूबाबा ओरडायचा. "खारट हाये का नाही? शंभर वर्षांचं दाबलेलं रडू हाये हे! तुमच्या दुखण्यापायी रडून राह्यले साधू! सायन्सवाल्याले विचारा, दगडाले डोळे कुठून आले?"

येताना प्रत्येकानं फडक्यात खडेमीठ बांधून आणायचं. दुखण्यासाठी मीठ वाहायची आपली जुनीच चाल. मीठ विरघळेल तसं दुखणं विरघळतं म्हणतात. त्या पुरचुंड्या पुढं कुठं जातात, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझी जाऊ अन्नपूर्णा, आमच्या भजनी मंडळाची झांज. तिला रक्तदाब. डॉक्टरांनी रोजची गोळी दिलेली, मीठ तोडलेलं. बाबा म्हणाला, "गोळी अन् अश्रू एका पोटात नांदत नाहीत." तिनं गोळी सोडली आणि रोज वाटीभर अश्रू प्यायला लागली. दर गुरुवारी बाटली मीच भरायची. पहिल्याच दिवशी बोट चाटून पाहिलं होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी साचतं ना, तीच चव. जिभेला कळलं होतं. पण तिचा चेहरा इतका समाधानी, की मी गप्प बसले.

तिसऱ्या आठवड्यात तिचे पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. मी उपकेंद्रातल्या सिस्टर महामायाला बोलावलं. दंडाला पट्टा बांधून तिनं आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला.

"काकू, गोळ्या घेऊन राह्यल्या ना?"

अन्नपूर्णानं वाटी दाखवली. सिस्टरनं चाखली.

"अवो काकू, मीठ पिऊन राह्यल्या तुम्ही! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"उद्याचा गुरुवार होऊ दे वो. नवस अर्धा राहीन."

किती विनवलं! शेवटी महामाया म्हणाली, "मग उद्या मीबी येते मठात."

आली ती शिडी घेऊनच. भिंतीला लावून चढायला लागली तसा बाबा धावला. "काऊन चढता बाई? पाप लागंन!"

"लागू द्या महाराज, मलम हाये माह्यापाशी."

भिंतीच्या माथ्यावर उगवलेल्या झुडपाआडून तिनं एक पोतं ओढून खाली टाकलं. फाटलं. आत ओल्या, गळत्या पुरचुंड्या. माझ्या जुन्या लुगड्याची निळी किनार मी लांबूनच ओळखली.

"वरतून पाऊस पडते," महामाया शिडीवरूनच सांगू लागली, "मीठ विरघळते अन् चुन्याच्या फटीतून खाली झिरपते. तुमच्याच मिठाचे अश्रू हायेत हे! घरची बरणीबी रडते पावसाळ्यात. तिच्या पाया पडता काय?"

"पण माह्या गुडघ्याले फरक पडला!" मागून कुणीतरी म्हणालंच.

अन्नपूर्णानं त्या पोत्याकडं पाहिलं. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "गोळी दे वो माय."

तिचं तेवढंच शेवटचं स्पष्ट बोलणं. जीप दवाखान्यात पोचायच्या आधी तोंड वाकडं झालं, उजवा हात गळाला.

बाबा त्याच दुपारी पसार झाला. दिवाळीपर्यंत भिंत सुकली. लोक म्हणतात, साधू रुसले. सांगून सांगून मी थकले आता.

मी देवाला मानते, मरेपर्यंत मानीन. पण जीभ त्यानं नाम घ्यायला दिली तशी चाखलेलं खरं सांगायलाही दिली. मीठ कुठं गेलं, पाणी कुठून आलं, विचारत जा. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. प्रश्नानं देव रुसत नाही, रुसतो तो बाबा.

ते पाहा, बुवा उठले. खांबाशी बसून डाव्या हातानं मांडीवर ताल धरलाय ना, तीच अन्नपूर्णा. हल्ली एक ठोका मागं पडते. पावसाळ्यात कधी मिठाचा खडा बोटाला ओला लागला, तर तिची आठवण ठेवा.