चौदा किलो

टिंग.

दुपारच्या सामसुमीत भिंतीला टेकवलेली सायकल पुन्हा घसरली आणि घंटी तेवढ्यापुरती बोलली. चार वर्षांची भिंगरी कूस बदलून परत झोपली, हे नशीब.

पाच वर्षं सायकल अशीच भिंतीला गाल लावून उभी होती. तिच्यावर आधी झबली वाळली, मग फ्रॉक. तिची मालकीण मात्र भांडी घासता घासता अजून एका चढावर असायची. मागे दोन्हीकडे भरलेल्या पिशव्या, मांड्यांत आग, आणि माथ्यावर पोचलं की समोर नुसता वारा.

आता पुढच्या महिन्यात सायकलवर भटकायला चार दिवस मिळत होते. नवरा हो म्हणाला होता. सासूबाई तर म्हणाल्या, "जा बाई एकदाची, ते भूत उतरवून ये." अडलं होतं ते स्टँडवर. सामानानं लादलेली सायकल वाटेत टेकवायला दरवेळी भिंत कुठून आणायची?

"भरूनच आणा, ताई," सायकलच्या दुकानातल्या मिस्त्रींनी बजावलं होतं. "ओझ्यानं सायकल खाली बसते. रिकामीवर माप घेतलं तर स्टँड लांब पडतो, आणि सायकल पलीकडे कलंडते."

भिंगरी उठायच्या आत तिनं हाताला लागेल ते पिशव्यांत कोंबलं. मग तिलाही घेऊन दुकान गाठलं. मिस्त्रींनी एका बोटानं पिशवी उचलली.

"उशा? प्रवासाला निघालात की झोपायला?"

भिंगरी खदखदून हसली. आईचा चेहरा पडला. पुन्हा अशी मोकळी दुपार कधी मिळणार होती?

"खरं सामान किती असेल?"

"चौदा किलो."

"आणि हे कन्यारत्न किती भरतं?"

ती थबकली. "तेवढीच."

"मग झालं की! बसवा कॅरिअरवर." मिस्त्रींनी दोन पायांचा स्टँड काढला. "पोर बसणार असेल तर हाच घ्या. जागचा हलत नाही."

"नाही, काका," ती हळूच म्हणाली. "एकटीच जाणार आहे."

त्यांनी तो खुंटीला अडकवला आणि एका पायाचा घेतला. मागच्या चाकाजवळ नळीला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून त्यावर तो आवळला. खडूनं खूण केली. सायकल हलू नये म्हणून भिंगरी गाल फुगवून, श्वास रोखून बसली होती.

"एकदा कापला की वाढत नाही हं. कापू?"

दाराबाहेर रस्ता उन्हात लांबवर पसरला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग फुगलेल्या त्या गालांकडे.

"कापा."

करवत थांबली. मिस्त्रींनी हात काढला. भिंगरीला घेऊन सायकल आपली आपण उभी राहिली, ऐटीत, जराशी कलून. आईच्या पायांत तो चढ सळसळला.

भिंगरीनं वाकून स्टँड पाहिला.

"आई, हा माझ्या वजनाचा केला ना?"

"हो गं, राणी."

"मग मी नसले, तर कशी उभी राहील?"