आत ठेवलेली कीड

बसा हो, असं गाल धरून उभं राहू नका. तुमचा नंबर यायला वेळ आहे. तोवर एक गोष्ट सांगतो, पण ती पोटात ठेवायची.

आत जी डॉक्टरीण आहे ना, ती माझी लेक. मी सुतार. दारं-खिडक्या करण्यात हयात गेली. आमच्यात कीड लागली की टणक लाकूड लागेपर्यंत खरवडायचं. भुसा आत ठेवून वर पुट्टी फासणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

तर गेल्या वर्षी माझी खालची दाढ किडली. चावायला तेवढीच बाजू धड राहिलेली. हिनं दवाखाना नुकताच थाटलेला. बसलो खुर्चीत. तिनं कोरलं, मग एक बारीक आकडी आत टेकवली, तर ती रुतलीच. आवाज नाही, काही नाही. सडक्या फळीत पटाशी जाते तशी. आणि ही बाई हत्यार खाली ठेवून लेप कालवायला लागली.

मी तोंडातली नळी बाजूला केली. "अगं, खाली मऊ आहे अजून."

"असू दे, बाबा. त्याच्याखाली नस आहे, आणखी कोरलं तर उघडी पडेल. वरून घट्ट बंद केलं की किडीला खायला मिळत नाही. या लेपातनं, सिमेंटातनं क्षार झिरपतात, दात ते ओढून घेतो आणि टणक होतो. सहा महिन्यांनी उघडून बघू."

सडलेलं परत टणक झालेलं मी तरी जन्मात बघितलं नव्हतं. ती म्हणाली, लाकूड मेलेलं असतं, दात जिवंत असतो. झालं, गप्प बसलो.

गप्प कसला? जीभ त्या दाढेवरून हटेना. गार पाणी लागलं की वाटायचं, पोखरतेय आत. रंधा मारता मारता हात थांबायचा. दाढेपेक्षा पोरीची धास्ती जास्त. पहिल्याच वर्षी बापाची दाढ घालवली म्हटल्यावर हिच्या दारात कोण येणार? हिची आई म्हणायची, तुम्ही दार बसवता तेव्हा ती येते का बिजागऱ्या मोजायला?

चौथ्या महिन्यात राहवलं नाही. पलीकडच्या रस्त्यावर दुसरा डॉक्टर आहे, गेलो त्याच्याकडे. म्हटलं, सगळं उकरून काढा. त्यानं फोटो काढला, बघितला, विचारलं, हे कुणी केलंय?

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"असंच, कुणीतरी."

तो मशीन घेऊन वाकला आणि मी तोंड मिटलं. उघडा म्हणाला. नाही उघडलं. ते 'कुणीतरी' कानात बसलं होतं. गळ्यातला कागदी रुमाल त्याच्या हातात दिला आणि जिना उतरलो.

उरलेले दोन महिने कसे काढले, मला माहीत. मग लेकीच्या खुर्चीत बसलो, खुर्चीचे हात आवळून. तिनं वरचं सिमेंट काढलं, आकडी टेकवली. खर्र! कोरड्या सागावर ओरखडा काढल्यासारखा आवाज. माझ्या ओळखीचा. तिनं मुद्दाम आकडी पुन्हा ओढून दाखवली.

"ऐकलंत, बाबा?"

तोंड उघडं, बोलणार काय? डोळे भरले, तर विचारते, दुखतंय का.

चला, आला तुमचा नंबर. तिनं खाली थोडं मऊ ठेवलं तर ठेवू द्या. आणि एवढी मेहेरबानी करा, ते 'कुणीतरी' तिला सांगू नका.