दद्दा हद्दूकडच्या किल्ल्या

दद्दा हद्दू कौन्सिलच्या हॉलात पोचला तेव्हा त्याच्या खुर्चीवर कुणीतरी फायली रचून ठेवल्या होत्या. त्याने त्या उचलून जमिनीवर ठेवल्या आणि हुश्श करून बसला. तीन निवडणुका तो ऐत वासिफ गावाचा सभासद म्हणून याच खुर्चीत बसत आला होता, आणि इतक्या वर्षांत गावाला मिळालं काय, तर पाण्याची एक टाकी, तीही गळकी. एकाहत्तराव्या वर्षी दोन तास खेचरावर, मग टेम्पोत उभं राहून इथवर यायचं, हात वर करायचा आणि परत जायचं. आज तर हात उचलायचीही त्याला इच्छा नव्हती.

आजचा विषय शाळेचा होता. पट बाराच्या खाली गेला की शाळा बंद, असा नवा नियम आला होता. मे महिन्यात मोजणीचा साहेब डोंगर चढून आला, त्याने वर्गातली डोकी मोजली, ती सात भरली. आता कौन्सिलने होकार दिला की पोरांनी खालच्या ऐत उफला गावच्या मोठ्या शाळेत गाडीने जायचं. गाडी नदीच्या पलीकडेच थांबणार होती. मुलगे पाण्यातून जातील, मुलींना कुणी पाठवणार नाही, हे हॉलातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते कागदावर कुठेच नव्हतं. दद्दा हद्दूची नात तूदा दहा वर्षांची होती. औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणारं त्याच्या घरातलं ते पहिलं माणूस. म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या पोरीत अडकला होता.

खरं तर शाळेत पोरं एकोणीस होती. बाकीची बारा मोजणीच्या दिवशी कुठे होती, ते हॉलात एकट्या दद्दा हद्दूला माहीत होतं.

डोंगरावरचं कुरण दोन्ही गावांच्या सामाईक मालकीचं. वसंतात ते बंद असतं आणि ठरल्या दिवशीच उघडतं. त्याआधी ज्याची मेंढी वर दिसली, त्याचं त्या वर्षाचं कुरण गेलं, हा बापजाद्यांचा कायदा. त्या कायद्याचा राखणदार खुद्द दद्दा हद्दू. पण यंदा पाऊस रुसला, खाली गवताची काडी उरली नाही, मेंढ्या उभ्या उभ्या बसकण मारायला लागल्या. शेवटी त्यानेच पाच घरांना आठ दिवस आधी गुपचूप वर धाडलं. बायकापोरांसकट. त्यात त्याच्या मुलाचं, झायदचंही घर होतं.

मोजणी त्याच आठवड्यात आहे हे मास्तरने त्याला सांगितलं होतं. पण त्यात काही घोडं अडेल असं त्याच्या मनातही आलं नाही. ऐत वासिफमध्ये बाहेर जाणारा माणूस घराची किल्ली दद्दा हद्दूकडे ठेवून जातो. किल्ली ठेवली की ते घर गावातच धरतात. पाटाच्या पाण्याच्या पाळीत त्याची चूल मोजतात, मशिदीत नमाज पढवणाऱ्या फकीहला जेवण पाठवायची त्याची पाळी आली की किल्ली ज्याच्याकडे, तो पाठवतो. पाच किल्ल्या कमरेला होत्या, म्हणजे पाच घरं गावात होती. साहेब नावं सोडून डोकी मोजेल, हे त्या भाबड्याला कसं सुचावं?

अध्यक्ष सी मिमूनने ठराव वाचला. त्याला जेवायला जायची घाई होती. संमती असणाऱ्यांनी हात वर करा, असं तो म्हणाला आणि हात वर जायला लागले.

"सी मिमून, तो सातचा आकडा खरा नाही," दद्दा हद्दू म्हणाला.

"खरा कसा नाही? साहेबाने स्वतः मोजलीत."

"बाकीची बारा पोरं कुरणात होती. मी पाठवली होती. आठ दिवस आधी."

समोर ऐत उफलाचा इशू बसला होता. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. तीस वर्षं ही दोघं माणसं कुरणाचा दिवस शेजारी बसून ठरवत आली होती. इशू बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच दद्दा हद्दूला जास्त लागलं.

"दद्दा, तुम्ही हे माझ्या कानात सांगितलं असतं तर मी न ऐकल्यासारखं केलं असतं. भरल्या सभेत सांगितलंत. आता मी माझ्या लोकांना काय सांगू?"

"कानात सांगितलेलं हे लोक लिहून घेतात का, इशू?"

कारकुनाने लिहून घेतलं. ऑक्टोबरात फेरमोजणी होईल, तोवर शाळा चालू राहील असं ठरलं आणि सभा उठली. दद्दा हद्दूने कागदावर अंगठा उमटवला. परतीच्या वाटेवर खेचर जिथे थांबेल तिथे तो थांबू देत होता.

पाचही घरांना आठवड्याच्या आत कळप खाली उतरवावे लागले. बायकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. झायद अंगणात येऊन उभा राहिला, धुळीने माखलेला.

"शाळा राहिली ना, बाबा? मग आता मेंढ्यांना तिथलीच पुस्तकं घाला खायला."

अर्ध्या मेंढ्या पडेल भावात गेल्या, उरलेल्या घेऊन पाचही घरं मैदानी मुलखात निघाली, कापलेल्या शेतांतली धसकटं चारायला आणि मिळेल ती मजुरी करायला. झायदने किल्ली बापाच्या हातात दिली, पण हाताचं चुंबन घेतलं नाही. ते तूदाने घेतलं. मोजणीच्या आत आपण परत येऊ ना, असं तिने विचारलं. येणार की, तो म्हणाला. त्याला स्वतःला ते खरं वाटलं नव्हतं, आणि पोरीला खोटं सांगितल्याची टोचणी त्याला पुढे कित्येक दिवस राहिली.

ऑक्टोबरात साहेब आला. तोच साहेब, तीच वही. बाकांवर पोरं होती सात.

दद्दा हद्दूने कमरेच्या पाच किल्ल्या सोडल्या आणि मास्तरच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"ही पाच घरं. यांत बारा पोरं आहेत. मोठी मुलगी तूदा, पाचवीत गेली."

साहेब भला माणूस होता, हसला नाही. त्याने एकेक किल्ली नीट पाहिली आणि मग वहीत सात लिहिलं. "दद्दा, मला डोकीच लिहावी लागतात," तो म्हणाला.

मास्तरने भिंतीवरचा नकाशा गुंडाळून घेतला. पोरं घरी गेली. साहेबाने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली हातात घेऊन इकडेतिकडे पाहत राहिला. मास्तरची बदली झाली होती, ऑफिस दूर होतं, आणि ऑफिसात असल्या किल्ल्यांचा कुणाला उपयोगही नव्हता.

"ही तुमच्याकडेच ठेवू का?" त्याने विचारलं.

दद्दा हद्दूने एकवार त्याच्याकडे पाहिलं. आपण काय करतोय हे त्या माणसाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने ती किल्ली घेतली, बाकीच्या पाचांबरोबर दोरीत ओवली आणि गाठ मारली.

त्या शुक्रवारी नमाजानंतर फकीहच्या जेवणाच्या पाळ्या लावायच्या होत्या. गावात चुली किती, असं पंचांनी विचारलं, तेव्हा दद्दा हद्दूने शाळा धरून आकडा सांगितला. पंचांनी तो तसाच धरला. मंगळवारी शाळेची पाळी आली, आणि त्या दिवशीचं जेवण त्याने आपल्या घरून पाठवलं.