मागे पाहण्याची उणीव

फाल्गुनातल्या पहाटे मोहाच्या फुलांचा जड, आंबूस गोड वास तलावाच्या कोरड्या पात्रावर साचलेला असायचा, आणि प्रणालीची स्टिक चेंडूला लागली की एक स्वच्छ, कोरडा आवाज समोरच्या सागवनापर्यंत जाऊन परत यायचा. मी तिला आधी ऐकलं, मग पाहिलं. चेहरा धड ओळखू येऊ नये इतका अंधूक प्रकाश, आणि त्यात कमरेत वाकून, जमिनीला लगटून धावणारी सतरा वर्षांची एक किडकिडीत पोर. चेंडू तिच्या स्टिकला डिंकानं चिकटवल्यासारखा तिच्याबरोबर जात होता.

माझं काम हेरण्याचं. तीस वर्षं चंद्रपुरात खेळ शिकवला, गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा शिकवणं सुटलं, आणि आता नागपूरच्या मुलींच्या एका क्रीडा वसतिगृहासाठी हॉकीच्या खेळाडू शोधत मी खेडोपाडी हिंडतो. हातात छापील अर्ज असतो. एका बाजूला बलस्थानं, दुसऱ्या बाजूला उणिवा. यंदा फॉरवर्डची एकच जागा आहे. मूल शहराकडून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावातून शाळेच्या मास्तरांनी कळवलं, म्हणून मी आलो, आणि खोटं कशाला सांगू, बलस्थानांचा रकाना मी उभ्या उभ्या भरला. वेग, दम, चेंडूवरची पकड, आणि कष्ट. पहाटे दोन तास एकटीनं सराव, मग आईबरोबर तलावाच्या उरल्यासुरल्या पाण्यात जाळं ओढणं, मग शाळा. पोर थकलेली कुणी पाहिलेली नव्हती.

उणीव एकच होती, पण भलती. चेंडू घेऊन सुसाट निघायची, गोलाच्या तोंडाशी पोचायची, आणि नेमक्या फटक्याच्या क्षणी मान वळवून मागे पाहायची. मागे कुणी नसायचं, नुसती झाडं. त्यात अर्धा क्षण जायचा, आणि हॉकीत अर्ध्या क्षणात होत्याचं नव्हतं होतं. मी चिडलो. मला चिडायला फार काही लागत नाही.

तिची आई, सुमनबाई, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून जाळं सांधत होती. मी तिला विचारलं, ही काऊन मागे पाहते सारखी? तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "वाकला माणूस त्याले माणूस दिसत नाई सर, जनावर दिसते. आमी लेकराईले लहानपणीच सांगतो, वाकलं का मांगं पाहाचं."

वाघाचं नाव तिनं घेतलं नाही. मला हसू आलं. नागपूरच्या मैदानावर वाघ येत नाही बाई, म्हटलं. तीही थोडी हसली. मोहफुलं वेचा, तेंदूपत्ता तोडा, धानाचा रोवणा करा, या मुलखात पोटासाठी बाईला आयुष्यभर वाकावंच लागतं. लेकीनं त्यातून सुटावं एवढीच तिची इच्छा होती, आणि सुटायचा रस्ता माझ्या अर्जातून जात होता. सर सांगतील तसं कर, असं तिनं प्रणालीला बजावलं.

मग मी लागलो मागे. आठवड्यातून दोनदा एस.टी.नं यायचो. ती धावत असली की मागून टाळी वाजवायचो, मास्तरांच्या सायकलची घंटी वाजवायचो. वळून पाहिलं की दहा फेऱ्या. कधी लाडीगोडी लावून म्हणायचो, बघ गं मागे, आई आली. बिचारी बघायची आणि पुन्हा दहा फेऱ्या मारायची. पण सांगितलेलं हाडात मुरवून घेणारी पोर ती. पळसाची फुलं गळून पडली, मोह सरला, ऊन करपायला लागलं, आणि तिची ती नजर आठवड्यागणिक विरत गेली. वैशाख लागला तेव्हा मी उणिवांच्या रकान्यात लिहिलेलं खोडलं आणि स्वतःवरच खूश झालो.

तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात चहा घेताना पेपरात वाचलं. शेजारच्या गावातली एक बाई पानं तोडायला गेली होती. वाकली होती. तो मागून आला.

चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं निघालो.

रस्त्यापासून तलावापर्यंत सागाची वाळकी पानं घोट्यापर्यंत साचली होती. माझे जड बूट, त्यात लंगडी चाल. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. प्रणालीची माझ्याकडे पाठ होती. शंभर पावलांवर होतो तेव्हाच तिनं ऐकायला हवं होतं. पन्नासवर मी मुद्दाम खोकलो. दहावर थांबलो, मग तेही अंतर चालून गेलो. हात लांब केला असता तर तिच्या वेणीला लागला असता. ती वाकलेलीच होती, चेंडूशी एकरूप, आणि मी शिकवलं होतं तसंच सगळं चाललं होतं.  आयुष्यात मी एवढा कधी भ्यालो नव्हतो.

तिनं दोन दगडांमधून चेंडू मारला, तो आणायला सरळ झाली, तेव्हा तिला मी दिसलो. कौतुकाच्या आशेनं तिचा चेहरा उजळला.

"पाह्यलं सर? आता नाई पाहत मी मांगं."

मी तिला सांगितलं, मागे पाहत जा. वाकलीस की प्रत्येक वेळी पाहा, आजपासून. ती खळखळून हसली.

"आता नाई फसत मी, सर." आणि पुन्हा वाकून चेंडू घेऊन निघाली.

त्या दिवसापासून मी मास्तरांकडे मुक्कामाला आहे. एकटी जाऊ नको म्हटलं तर ऐकते. वसतिगृहाची निवड चाचणी तोंडावर असताना सराव सोड म्हटलं तर ऐकत नाही. म्हणून रोज पहाटे ती खेळते आणि मी तिच्याकडे पाठ करून सागवनाकडे तोंड करून उभा राहतो. सुमनबाई पाळीवरून आमच्याकडे बघते आणि पुन्हा जाळं सांधायला लागते. उद्या चाचणी. निवड झाली तर ती इथून जाईल, देव पावला म्हणायचं. नाही झाली, तर पुढच्या फाल्गुनात आईबरोबर मोहाखाली फुलं वेचायला वाकेल, आणि त्या सगळ्या बायांमध्ये तिच्याइतकं एकाग्र कुणी नसेल.

ती नजर तिला आईनं दिली होती, आईला तिच्या आईनं, आणि त्याआधी किती जणींच्या जिवाच्या मोलानं ती शिकली गेली असेल, कुणास ठाऊक. इतकी जुनी आठवण पुसायला मला दोन महिने पुरले, आणि ती परत यायला किती काळ लागतो हे सांगू शकणारं त्या पहिल्या बायांपैकी आता कुणी उरलेलं नाही.