हवाल्यांची हाव

शब्दकोशाच्या त्या कचेरीत माणसांना नावानं कुणी हाक मारत नसे. ज्याच्याकडे जे अक्षर, तेच त्याचं नाव. 'स'चे संपादक ते सवाले, 'व'चे ते ववाले, 'ल' सांभाळणाऱ्या त्या ल-बाई. 'ह' ज्यांच्याकडे होता ते अर्थातच हवाले.

बावीस वर्षं हवाल्यांना एकच दुःख होतं. 'क'ला तीनशे पानं, 'स'ला त्याहून जास्त आणि आपल्या पदरात किती, तर चौऱ्याऐंशी! त्यांच्या लेखी आपल्याहून गरीब एकच, तो 'ळ'. पण 'ळ'ला शब्दही नव्हते आणि संपादकही नव्हता, त्यामुळे कुणाचा जीव जळत नव्हता.

'ल' ते 'ह' हा शेवटचा खंड छापखान्यात जायला दीड महिना उरला, तेव्हा मुख्य संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं.

"हवाले, तुमची 'हाव' अजून बाकी आहे."

बाजूला बसलेले ववाले खोकले. हवाल्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"अर्थ आणि वापर. चार ओळींत उरका," मुख्य संपादक म्हणाले.

हवाल्यांनी टेबलाशी येऊन पहिली ओळ झोकात लिहिली: 'कितीही मिळालं तरी न शमणारी इच्छा.' मग वापर. हाव सुटते, हाव धरतात. भूक लागते, झोप येते, पण हाव लागत नाही की येत नाही. बांधलेलं जनावर सुटावं तशी ती सुटते. हे लिहिताना त्यांची कळी खुलली. वाटलं, 'वखवख' ही हिचीच बहीण, 'लालसा' मावशी, 'सोस' लाडावलेला भाऊ. हे सगळं कुटुंब एकाच छपराखाली आणलं तर? नोंद दहा-अकरा पानांची होईल. अख्ख्या कोशात एवढी मोठी नोंद कुणाचीच नाही.

ते उठले आणि आधी ववाल्यांकडे गेले. ववाल्यांची लेक बाळंतपणाला आलेली, त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"तुमची वखवख मी घेऊ का?" हवाल्यांनी मायेनं विचारलं. "तेवढाच तुमचा भार हलका."

"घ्या हो. घरी बाळ रात्रभर जागं असतं, इथे शब्द झोपू देत नाहीत."

सवाले पाय मोडून घरी पडले होते. हवाले फळं घेऊन त्यांना भेटायला गेले आणि येताना 'सोस' घेऊन आले. ल-बाईंनी 'लालसा' मागताक्षणी दिली. पण 'लोभा'वर त्यांनी हात ठेवला.

"हा माझ्याकडेच राहू द्या."

"अहो, लोभ म्हणजे हावच की!"

"असं? मग पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितात ते काय, हाव असावी?"

सगळी कचेरी हसली. हवालेही हसले, पण दातांनीच. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. इकडूनतिकडून मागून पंधरा शब्द गोळा झाले होते, पण मन सोळाव्यापाशी घुटमळत होतं.

घरी बायको निवृत्त शिक्षिका. हवाले तिला जेवताना उदाहरणं वाचून दाखवत.

"ऐक. 'मेहुण्याला जागेची हाव सुटली.' 'साडूची वखवख पाहून पाहुणे ओशाळले.' 'सासऱ्यांनी म्हातारपणी अधिकाराची लालसा धरली.'"

"अहो, सगळं माझ्याच माहेरचं? तुमच्याकडे काय संन्यासी जन्मले?"

"उदाहरण जिवंत हवं. डोळ्यांसमोरचं."

"मग इतक्या लांब कशाला जाता?" ती म्हणाली आणि तिनं त्यांच्या ताटात भात वाढला. हवाल्यांना बोलणं कळलं नाही. भात मात्र कमी वाटला.

शेवटी त्यांनी मुख्य संपादकांचा दरवाजा गाठला. "बाईंचं काम फार संथ आहे. उशीर होईल. माझ्यासाठी म्हणत नाही मी, कोशासाठी म्हणतो." मुख्य संपादकांना त्या दिवशी दात काढायला जायचं होतं. "घ्या बाबा," म्हणून त्यांनी गाल धरला.

ल-बाईंनी 'लोभा'चा खोका मुकाट्यानं आणून दिला. दोनशेच्यावर चिठ्ठ्या, एकेका वापराची एकेक. बाईंच्या तीस वर्षांच्या कष्टांचा तो खोका हवाल्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि 'धन्यवाद' म्हणायचं राहून गेलं.

नोंद अकरा पानांची झाली. हवाले ऐटीत कचेरीभर हिंडले. आठवड्याभरात छापखान्यातून निरोप आला: खंड बांधणीत बसत नाही, दहा पानं कमी करा. जाड कोण झालंय ते शोधायला फार वेळ लागला नाही.

"हवाले," मुख्य संपादक कच्ची छापील पानं फडफडवत म्हणाले, "'वखवख, पहा हाव. सोस, पहा हाव. लालसा, पहा हाव.' वाचकानं बिचाऱ्यानं किती वेळा तुमच्या दारात यायचं? ज्याचा शब्द त्याच्या घरी परत पाठवा, चार-चार ओळींत. 'हावे'ला दोन ओळी ठेवा."

"मघा चार म्हणाला होतात!"

"मघा? महिना झाला त्याला. शनिवारपर्यंत सगळे शब्द लिहून हवेत."

ववाले रजेवर गेलेले, सवाल्यांचा पाय अजून प्लॅस्टरमध्ये. लिहिणार कोण? हवाल्यांनीच मान मोडून सगळं लिहिलं. ज्या पानांवर दुसऱ्यांची नावं छापायची होती त्या पानांसाठी. 'वखवख' तर इतकी सुरेख उतरली की त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. आजतागायत लोक त्या नोंदीबद्दल ववाल्यांची पाठ थोपटतात आणि ववाले विनयानं मान लववतात.

शुक्रवारी खोका घेऊन ते ल-बाईंच्या टेबलापाशी गेले. "'लोभ' राहिलाय. तेवढा तुम्ही..."

"तो कधीच गेला छापखान्यात."

"पण खोका मी नेला तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही खोका मागितलात. नोंद कुठे मागितलीत?"

बाईंनी छापील पान पुढे सरकवलं. लोभ. पहिला अर्थ: माया, जिव्हाळा. मग पत्रांतली वाक्यं, कुणी आईला लिहिलेली, कुणी दुरावलेल्या मित्राला. नऊ ओळी. शेवटी दुसरा अर्थ: हाव. हवाल्यांचं अकरा पानांचं काम तिथे दोन अक्षरांत उरकलं होतं. त्यांनी ती वाक्यं दोनदा वाचली. मग ओळी मोजल्या.

"बाई, यातल्या दोन ओळी जर माझ्याकडे..."

ल-बाईंनी पान काढून घेतलं आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

खंड बाहेर पडल्यावर महिन्याभरानं बैठक झाली. मुख्य संपादक म्हणाले, "आता पुरवणी काढायची. सुटलेले शब्द शोधायचे, कंटाळवाणं काम आहे. कोण घेतंय?" जो तो चहाच्या कपात पाहू लागला. हवाल्यांचा हात मात्र वर गेला.

"कुठलं अक्षर घेता?"

"द्याल ते," हवाले म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दुसराही हात वर केला.