जिभेला चिकटलेलं हाड

"चिकटलं! चिकटलं!" गोदामभर एकच ओरडा झाला.

मंचावर जीभ बाहेर काढून एक माणूस उभा होता आणि त्या जिभेला हाडाचा बोटभर तुकडा लोंबत होता. हाडबाबानं दोन्ही हात वर केले. "पाताळातल्या राक्षसाचं हाड आहे हे! एकदा रोगाला चिकटलं की शोषल्याशिवाय सोडत नाही. डॉक्टर कापतात, आम्ही ओढून काढतो!"

रांगेत माझा दादा आणि कुबड्यांवर त्याची चौदा वर्षांची लेक उभी होती.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. महिनोन्‌महिने उत्खननावर होते. परतले तेव्हा कळलं, पोरीच्या पायाच्या हाडात कॅन्सर आहे आणि दादानं उपचार सोडलेत. "पाय काढला तर मुलगी वाचेल," असं डॉक्टर म्हणाले होते. पण वहिनी ऑपरेशनला आत गेली ती परत आलीच नव्हती. दादानं हाय खाल्ली होती.

"हिच्या जिभेला पहिल्या झटक्यात चिकटलं," दादा मला म्हणाला. "दुखणंही कमी झालंय."

तो पुढे सरकल्यावर पोरगी माझ्या कानाशी आली. "कमी नाही झालं गं, आत्या. पप्पांना बरं वाटावं म्हणून सांगते."

दाराशी फुटलेल्या कुंडीची खापरी पडली होती. ती पुसून मी मंचावर गेले आणि जिभेला लावली. लोंबली.

"ही कुठल्या राक्षसाची?" मी विचारलं. लोक हसले.

"अविश्वासी जिभेला काहीही चिकटतं!" बाबा गरजला.

"खापरी असो की हा दगड झालेला तुकडा, कोरड्या वस्तूला बारीक छिद्रं असली की ती जिभेचं पाणी शोषते आणि चिकटते. रोगाचा काय संबंध?" मी त्याचा तुकडा पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि जिभेला लावला. तो टपकन खाली पडला.

गर्दीतून एकजण ओरडला, "म्हणजे माझी आई शेवटाला आली होती, तेव्हा 'शुद्ध करतो' म्हणत तू हाड आधी पाण्यात बुडवलंस! म्हणून ते चिकटलं नाही! आणि वर म्हणालास, हिचं पापच मोठं!"

गलका उसळला. बाबा मागच्या दारानं सटकला. टेबलावर एक मोठं हाड उरलं. त्याचेच तुकडे तो पाडत असे.

पोरगी कुबड्या टेकत आली. "कुणाचं गं हे?"

"लांब मानेच्या डायनोसॉरचं. पाला खाणारा बिचारा. कोट्यवधी वर्षांत हाडाचा दगड झालाय."

तिचा हात एका ओबडधोबड गाठीवर थांबला. "इथे सुजलं होतं त्याला? माझ्यासारखं?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "तपासावं लागेल. पण बहुतेक तसंच."

दादानं ते ऐकलं. ज्या हाडाला स्वतःचा रोग ओढून काढता आला नव्हता, ते त्यानं लेकीच्या जिभेवर ठेवलं होतं. तो लेकीला उचलून दाराकडे निघाला.

त्याच दिवशी आम्ही हॉस्पिटल गाठलं. रोग फुप्फुसांत पोचला होता. आता पाय काढूनही उपयोग नव्हता.

शेवटच्या आठवड्यांत ती त्या प्राण्याबद्दलच विचारायची. "लंगडत असेल ना? मग कळपानं सोडलं असेल त्याला?"

चौकशी करून, हाड जिथून आणलं होतं त्या खाणीत मी जाऊन आले. "सोडलं नसावं. एकाच थरात लहानमोठ्या कितीतरी जणांची हाडं आहेत. पुरात सगळे एकदमच वाहून आलेले दिसतात. तो त्यांच्यातच होता."

"बरं झालं," ती म्हणाली आणि दादाचा हात धरून पडून राहिली.

ती गेली.

पुढे कळलं, हाडबाबानं दुसऱ्या गावात दुकान मांडलंय. आम्ही दोघं गेलो. रांग तशीच होती. एका बाईच्या कडेवर हाडकुळा मुलगा होता. दादा तिच्यापुढे उभा राहिला.

"बाई, हा माणूस आपल्याला हवं तेच बोलतो. डॉक्टर आपल्याला ऐकायला नको असतं तेही सांगतात. पण खरं काय, ते तपासून बघा हो. मी बघितलं नाही."

बाईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं कोण आजारी होतं?"

"मुलगी."

"आता बरी आहे ना?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मीच नकारार्थी मान हलवली.

तिनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि रांगेतून बाहेर पाऊल टाकलं.