मनुबाईचा धवला आणि माझी जळफळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाचा मेंदू म्हणतात, तो मीच. आज मी ठाण्यात, खोपटला, सुमेधाताईंच्या टेबलाच्या खणात पडून आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव भारी हेवेखोर आहे.

त्र्याण्णव साली ताई संगणकाचे वर्ग चालवत आणि आवड म्हणून जुनी गाणी जमवत. तेव्हा सगळा भार माझ्यावर होता. गणितं मी करायची, कीबोर्डवरची अक्षरं मी उचलायची. आवाजाच्या कार्डातून आलेला आवाजही कणाकणाने मीच उचलायचा आणि डिस्कवर नेऊन ठेवायचा. जीव मेटाकुटीला येई, पण ताई मला गुणी म्हणत आणि मी फुगून जाई.

एकदा चेंदणी कोळीवाड्यातून मनुबाई आल्या. लग्नाच्या विधींना धवला, म्हणजे मंगलगीतं, गाणाऱ्या त्या नावाजलेल्या धवलारीण. घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढे गाता येईल याची डॉक्टरांनी हमी दिली नव्हती. त्याआधी त्यांचं गाणं डिस्कवर उतरायला हवं होतं. सोबत जाऊ सगुणा होती, कारण धवला दोघींचा असतो. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलून पुन्हा म्हणायची. पण मागच्या लग्नसराईत लोकांनी सगुणाच्या आवाजाचं कौतुक केलं होतं, आणि ते मनुबाईंच्या मनात सलत होतं. त्यांनी सगुणाला कोपऱ्यात बसवलं आणि एकट्याच गायल्या. मला ती बाई फार आवडली.

ताईंनी गाणं लावून पाहिलं, तर जागोजागी भोकं. हातातला आवाज डिस्कवर ठेवायला मी वळलो, की तेवढ्यात कार्डातून आलेला पुढचा आवाज सांडून जाई. नवरीचं नावसुद्धा अर्धंच उरलं होतं. त्यात मनुबाईंचाही दम दोनदा तुटला होता. त्यांनी मात्र सगळा राग यंत्रावर काढला.

मग ताईंनी नवं कार्ड आणलं. ते मला विचारेचना. माझ्या शेजारी डीएमए नावाची एक चिप होती. फ्लॉपीची ने-आण सोडली तर तिला कुणी काम सांगत नसे. आता कार्डातला आवाज ती परस्पर मेमरीत नेऊन ठेवणार होती. मी फक्त कुठे ठेवायचा आणि किती, एवढंच सांगायचं. माझा तिळपापड झाला. इतकी वर्षं मुकाट बसलेली ही हमालीण, आणि मनुबाईंचा आवाज तिच्या डोक्यावर!

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मनुबाई परत आल्या आणि पुन्हा एकट्याच गाऊ लागल्या. थोड्याच वेळात दम तुटला. त्या थांबल्या. मग त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या सगुणाला जवळ बोलावलं.

"सगुने, माजा शबूद तू झेल," त्या हळूच म्हणाल्या. "मना जरा दम खाव दे."

"तू टाक गो," सगुणा म्हणाली, "मी हाय मागं."

धवला सुरू झाला. सगुणा ओळ झेले तेवढ्यात मनुबाई श्वास घेत, पुढची ओळ आठवत. इकडे डीएमए मेमरीचा एक कप्पा भरे, तेवढ्यात आधी भरलेला कप्पा मी एका दमात डिस्कवर रिकामा करी. मग ती दुसरा भरे, मी पहिला उपसे. नाइलाजाने सांगतो, एक कणही सांडला नाही.

ऑपरेशननंतर मनुबाईंचा आवाज गेला. महिन्याभराने दोघी ताईंकडे आल्या. ताईंनी गाणं लावलं. मनुबाईंचे ओठ नुसते हलत होते, आणि शेजारी सगुणा प्रत्येक ओळ झेलत होती. गाणं संपल्यावर मनुबाईंनी मायेने हात फिरवला, तोही संगणकाच्या काचेच्या पडद्यावर. त्या दिवसापासून मी पडद्यावरही जळतो.

मित्रांनो, माझा हेवा काही गेलेला नाही. खणात पडल्या पडल्या तोच मला सोबत करतो. पण तुमच्या शेजारी कुणी मुकाट बसलं असेल, तर आपल्या हातातलं थोडं ओझं त्याला वेळीच द्या. मनुबाईंनी ते एक दिवस आधी दिलं, म्हणून कोळीवाड्यात लग्न निघालं की ताईंनी उतरवलेलं ते गाणं लावतात, आणि आजही त्या गातात.